पार्ट मिळतात का, ते आधी विचारा

मागच्या अंकात लिहिलं होतं की रिमोटच्या गाड्यांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि पत्रं, मेसेज धरून इतके प्रश्न आलेत की सगळे घेणं शक्य नाही. बहुतेकांचं म्हणणं फिरून एकाच जागी येते, तयार गाडी घ्यावी की स्वतः जोडावी, आणि बंद पडली तर नेऊन द्यायची कोणाकडे. सात प्रश्न निवडलेत. ज्यांचे राहिले त्यांना त्यांचं उत्तर यातच कुठेतरी सापडेल असं वाटते.

ताई, मुलगा अकरा वर्षांचा आहे. मुंजीत मिळालेल्या पैशातून रिमोट कार पाहिजे म्हणून रोज डोकं खाऊन राहिलाय. आधीच्या तीन गाड्या महिना-दोन महिन्यांत बंद पडून सज्ज्यावर पडल्या आहेत. दुकानदार म्हणतो तयार घ्या, माझा लहान भाऊ म्हणतो किट आणून जोडू द्या. दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो. काय करू? (एक बाबा, मानेवाडा)

भाऊ, पैसे खर्च करायच्या आधी सज्ज्यावरच्या त्या तीन गाड्या खाली काढा. रविवारी मुलाला सोबत घेऊन बसा, एक बारीक पेचकस घ्या आणि एक गाडी उघडा. आत बहुतेक एकच हिरवा बोर्ड दिसेल, त्यावरच रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर, त्यावरच मोटर चालवणारं सर्किट, आणि वायरी थेट त्यालाच सोल्डर केलेल्या. म्हणजे त्यातलं एक काहीही गेलं की पूर्ण बोर्ड गेला, आणि तो बोर्ड सुटा कुठेच मिळत नाही. तुमच्या तीन गाड्या मुलाने नीट वापरल्या नाहीत म्हणून बंद पडल्या असतील असं मला वाटत नाही, त्या दुरुस्त व्हाव्यात अशा बनवलेल्याच नव्हत्या.

दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांना हॉबी ग्रेड म्हणतात. त्यात रिसीव्हर वेगळा, स्टेअरिंग फिरवणारा सर्व्हो वेगळा, मोटरला करंट सोडणारा ईएससी वेगळा, मोटर वेगळी, सगळं प्लगने जोडलेलं. काही स्वस्त मॉडेलमध्ये रिसीव्हर आणि ईएससी एकत्र असतात, तेही चालते, पण तो डबा सुटा मिळायला पाहिजे. दुकानात ओळखायची सोपी पद्धत सांगते, रिमोटचं स्टेअरिंग हळूहळू फिरवून बघा, चाकं पण तेवढीच हळूहळू वळली तर बरं, आणि चाकं खटकन पूर्ण डावीकडे नाहीतर पूर्ण उजवीकडेच जात असतील तर ते खेळणं आहे, मग डब्यावर काहीही छापलेलं असो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तयार की किट हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवते. पहिला प्रश्न हा की या मॉडेलचे पार्ट मिळतात का. मॉडेल नंबर लिहून घ्या, घरी येऊन शोधा, त्याचा पुढचा आर्म (चाक धरून ठेवणारा हात), स्पर गिअर (मोटर ज्याला फिरवते तो मोठा गिअर), डिफ (डाव्या-उजव्या चाकांना कमी-जास्त फिरू देणारा गिअरचा डबा), शॉकअप आणि चाकामागचा षटकोनी हेक्स हे पाच पार्ट सुटे विकत मिळतात का ते बघा. मिळत असतील तर ती गाडी पाच वर्षं चालेल, नसतील तर ती सज्ज्यावरची चौथी गाडी होईल. ट्रॅक्सससारख्या कंपन्या गाडीचा प्रत्येक पार्ट सुटा करून काढलेलं चित्र देतात, त्यावर पार्टचे नंबर राहतात. ती गाडी तुमच्या बजेटच्या वर जाईल, पण असं चित्र ज्या गाडीसोबत मिळते तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

किट मला मनापासून आवडतात. जपानच्या तामियाने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ही त्यांची पहिली रिमोट कार काढली ती किट म्हणूनच, लोकांनी घरी बसून जोडली, आणि आजही त्यांच्या बहुतेक गाड्या डब्यात सुट्या सुट्याच येतात. स्वतः जोडलेली गाडी जेव्हा तुटते तेव्हा पोराला आतलं सगळं माहीत राहते, भीती वाटत नाही. पण किटच्या डब्यात सगळं नसते हे दुकानदार सांगत नाही. मोटर असते, बऱ्याचदा ईएससी असतो, पण रिमोट, रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी, चार्जर आणि बॉडीचा रंग हे वेगळं घ्यावं लागते, आणि दहा हजारांत ते बसणं अवघड आहे. शिवाय अकरा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा गाडी पळवायची असते, डिफमध्ये ग्रीस भरायचं नसते.

म्हणून माझं मत, पार्ट मिळणारी तयार गाडी घ्या, आणि पहिल्या रविवारी ती पळवायच्या आधी पुढचं एक चाक, आर्म आणि शॉकअप खोलून परत लावायला लावा. फक्त एक कोपरा. प्रत्येक स्टेपला मोबाइलवर फोटो काढायचा, स्क्रू मफिन ट्रेमध्ये किंवा इडलीपात्राच्या वाट्यांमध्ये ओळीने ठेवायचे. तयार गाडी अशी खोलली की ती उलट्या बाजूने जोडलेली किटच होते. वर्षभराने त्याला अजून गोडी असेल तर पुढच्या वाढदिवसाला किट.

जुळी मुलं आहेत, दोघांना एकसारख्या दोन गाड्या आणल्या, पण एका रिमोटने दोन्ही पळतात आणि घरात रोज भांडण. (एक आई, नंदनवन)

दोन्ही गाड्या २७ मेगाहर्ट्झवर असतील, रिमोटच्या मागे लिहिलेलं राहते. त्या एकच आवाज ऐकतात, कोणाचा आहे ते त्यांना कळत नाही. यावर दुरुस्ती नाही. एक गाडी दुकानात बदलून ४९ मेगाहर्ट्झची घ्या, किंवा दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या घ्या, त्यात प्रत्येक रिमोट आपल्या गाडीशी बाइंड होते, म्हणजे फक्त तिच्याशीच जोडलं जाते, आणि मग दहा गाड्या एकत्र पळवल्या तरी गोंधळ नाही.

मी नववीत आहे. माझी गाडी चालू होते, स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे वळते, पण पुढे-मागे जातच नाही. ज्या दुकानातून घेतली तिथले काका म्हणाले मोटर गेली, आता नवीनच गाडी घे. बाबा म्हणतात एवढ्यात नवीन नाही. मी स्वतः दुरुस्त करू शकते का? (खामला)

करू शकतेस, आणि तू अर्धं काम ऑलरेडी केलंय हे तुला माहीत नाही. स्टेअरिंग वळते हे तू लिहिलंस ना, त्याचा अर्थ बघ. सर्व्होला करंट बॅटरीकडून थेट मिळत नाही, तो ईएससीमधून रिसीव्हरला आणि तिथून सर्व्होला जातो. म्हणजे बॅटरीत काहीतरी आहे, स्विच ठीक आहे, ईएससी पूर्ण मेलेला नाही, रिसीव्हर जिवंत आहे आणि रिमोटशी त्याचं बोलणं चालू आहे. एका वाक्यात तू पाच गोष्टी बाद केल्यास. दुरुस्ती म्हणजे हेच, काय ठीक आहे ते एकेक करून बाजूला काढत जायचं, जे उरलं तिथे बिघाड.

आधी फुकटातल्या गोष्टी. बॅटरी पूर्ण चार्ज कर, कारण व्होल्टेज खाली गेलं की ईएससी मोटर बंद करतो पण स्टेअरिंग चालू ठेवतो, गाडी वळवून बाजूला घेता यावी म्हणून, आणि नेमकं तुझ्या गाडीसारखंच लक्षण दिसते. मग रिमोटवर टीएच ट्रिम किंवा थ्रॉटल ट्रिम असं बटन असेल ते मधोमध आण, ते सरकलेलं असलं तर ईएससीला वाटते की ट्रिगर आधीच दाबलेला आहे आणि तो सुरूच होत नाही. नुसत्या या दोन गोष्टींनी कित्येक गाड्या चालू होतात.

नाही झाली तर गाडी विटेवर ठेव म्हणजे चारही चाकं अधांतरी, आणि ट्रिगर दाबून कान दे. मोटर फिरण्याचा आवाज येतो पण चाकं फिरत नाहीत, असं असेल तर बिघाड विजेचा नाहीच. मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरला पिनियन म्हणतात, त्याचा बारीक स्क्रू ढिला झाला की मोटर आतल्या आत फिरत राहते. तो १.५ मिलिमीटरच्या अॅलन कीने घट्ट कर, स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवर बसला पाहिजे, आणि निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब लाव. थ्रेडलॉकर फक्त लोखंडावर लोखंड असेल तिथेच, प्लास्टिकवर सांडला तर ते तडकते. पिनियन परत लावताना त्याच्या आणि मोठ्या स्पर गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाल, दोन्ही दाबून मोटरचे स्क्रू आवळ, मग गिअर फिरवून कागद काढून घे, तेवढी फट बरोबर असते. स्पर गिअरचे दात एका जागी साफ झिजलेले दिसले तर तो बदलायचा, स्वस्तातला पार्ट आहे.

आवाजच येत नसेल तर माझी आवडती टेस्ट कर. रिसीव्हरमध्ये चॅनल १ मध्ये सर्व्होचा आणि चॅनल २ मध्ये ईएससीचा प्लग असेल. वायरीचा रंग कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो काढ आणि दोघांची अदलाबदल कर. आता ट्रिगर दाबल्यावर स्टेअरिंग वळलं तर रिमोटचा ट्रिगर आणि रिसीव्हरचा दुसरा चॅनल दोन्ही ठीक. मग उरले ईएससी आणि मोटर. मोटरला दोन वायरी असतील, तर त्या ईएससीपासून सोड आणि दोन पेन्सिल सेल एका ओळीत धरून सेकंदभर टेकव. फिरली तर मोटर ठीक, बिघाड ईएससीमध्ये. नाही फिरली तर मोटर, आणि ती सुटी मिळते. मोटरला तीन वायरी असतील तर ती ब्रशलेस आहे, तिला सेल लावायचा नाही.

एक सांगते, माझ्या धाकट्या भावाच्या गाडीची मोटर गेली असं आम्हालाही एका दुकानात सांगितलं होतं, आम्ही नवीन मोटर आणून लावली तरी गाडी जागची हलेना. शेवटी निघालं काय, तर मागच्या चाकातला हेक्स अडवून ठेवणारी दोन मिलिमीटरची पिन चाक काढताना कुठेतरी पडली होती. इतकं वाईट वाटलं त्या दिवशी, पैशाचं नाही, कोणी उघडून बघितलंच नाही याचं. तू बघ. आणि काय निघालं ते मला नक्की कळव.

लिपो बॅटरी फुगली आहे, पण चालते. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर गाडी पळवतो. वापरली तर चालेल का? दोन सेलची, ७.४ व्होल्टची, २२०० एमएएच. (कामठी रोड)

नाही. चालते म्हणून वापरू नका. फुगलेल्या लिपोच्या (लिथियम पॉलिमर बॅटरीच्या) आत गॅस झालेला असतो, ती टोचली, दाबली गेली किंवा चार्जिंगला गरम झाली तर पेट घेते, आणि ती आग साधी राहत नाही. गाडीतून काढा, घराबाहेर, सिमेंटच्या जागेवर कोरड्या रेतीच्या बादलीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. कचरागाडीत टाकू नका, गाडीवरचे कामगार ती दाबतात.

नवीन घ्याल तेव्हा आकडे समजून घ्या. प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, त्याच्यावर कधीच नाही, आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की त्याचं आतून नुकसान होते. ईएससीवर लिपो आणि निकेलवाल्या बॅटरीसाठी वेगळी सेटिंग असते, बरेचदा एक छोटा जंपर (दोन पिन जोडणारी टोपी), तो निकेलवर राहून गेला तर मोटर वेळेवर बंद होत नाही आणि बॅटरी पार खाली जाते, तुमची तशीच फुगली असण्याची शक्यता मोठी आहे. चार्जिंग १ सीने, म्हणजे २२०० एमएएचला २.२ अँपिअर, सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स प्लग लावून, आणि समोर बसून. रात्री लावून झोपायचं नाही. आठवडाभर वापरणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा.

आणि नागपूरचा मे महिना. दुपारी पारा ४५ च्या आसपास, गच्चीचा स्लॅब त्याहून कितीतरी तापलेला, त्यात गाडी पळवून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावली तर काय होणार. मेमध्ये सकाळी साडेपाच ते सात, नाहीतर नाहीच. पळवून झाली की बॅटरी काढून सावलीत ठेवा, हाताला थंड लागली की मग चार्जर. कारच्या डिकीत तर बॅटरी कधीच विसरू नका.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तयार गाडी नको, किट पण नको, पूर्ण स्वतः बनवायची आहे. चेसिस थ्रीडी प्रिंट, कंट्रोलसाठी ईएसपी३२ बोर्ड, मोटरला करंट द्यायला एल२९८एन ड्रायव्हर आणि रिमोट गाड्यांची ५४० मोटर असं ठरवलंय. मित्र म्हणतात जळेल. (हिंगणा रोड)

मित्र बरोबर सांगतात, पण विचार सोडू नको. एल२९८एन एका चॅनलला दोन अँपिअरचा आहे आणि दोनेक व्होल्ट तो स्वतःच गरम होण्यात घालवतो. ५४० मोटर जागेवरून उठताना वीस-तीस अँपिअर सहज ओढते. पहिल्याच ट्रिगरला धूर. तिथे रिमोटच्या गाडीचा साधा ब्रश्ड, म्हणजे दोन वायरींच्या मोटरसाठीचा, ईएससी लाव, त्याला सर्व्होसारखाच सिग्नल लागतो, सेकंदाला पन्नास पल्स, १५०० मायक्रोसेकंदची पल्स म्हणजे थांबा, २००० कडे गेली की पुढे, १००० कडे गेली की मागे. ईएसपी३२ हे आरामात देतो. ग्राउंड (निगेटिव्ह वायर) सगळ्यांचा एक कर, हे विसरून मुलं दोन-दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतात.

कोडमध्ये सगळ्यात आधी फेलसेफ लिही, अर्ध्या सेकंदात रिमोटकडून काही आलं नाही तर १५०० पाठवायचं. दीड किलोची गाडी सिग्नल तुटल्यावर सुसाट सुटली तर समोर लहान मूल असू शकते. रेडिओच्या परवानगीची काळजी नको, कमी पॉवरच्या उपकरणांसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून लायसन्समुक्त आहे.

प्रिंट पीएलए प्लास्टिकमध्ये करू नको. तो साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे तेवढं सहज होते, शिवाय मोटरचा माउंट मोटरच्या उष्णतेनेच वाकतो. पीईटीजी प्लास्टिक घे, निदान माउंटसाठी तरी. आणि माझं प्रामाणिक मत विचारशील तर डिफ, डॉगबोन (चाकाला फिरवणारी दांडी), नकल (पुढचं चाक वळवणारा जोड) हे पहिल्या गाडीत प्रिंट करू नको, बाजारातले घे, चेसिस तुझी. म्हणजे पार्ट तुटला तरी काम थांबणार नाही.

पावसाळ्यात मैदानावर पळवली, काळ्या मातीत लोळली, मग नळाखाली धुतली, आता चाकं करकर आवाज करतात. (हुडकेश्वर)

आपली काळी माती ओली असताना काढायला जाऊ नका, ती अजून आत जाते. वाळू द्या, तिचे आपोआप खपले निघतात, मग जुन्या दात घासायच्या ब्रशने झटका. करकर बेअरिंगची आहे. चाक, हेक्स, पिन काढा (पिन वाटीत!), बेअरिंग बाहेर काढून बोटावर फिरवा, खरखर लागली तर बदला. बेअरिंग बदलायला गाडीच्या कंपनीकडेच जावं लागत नाही हे लोकांना माहीत नसते, मापाने घ्यायची. १/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाच्या) गाड्यांमध्ये बहुधा ५ बाय ११ बाय ४ मिलिमीटर, म्हणजे एमआर११५, पण आधी आपली मोजून बघा. स्वस्त गाडीत बेअरिंगच्या जागी प्लास्टिकची बुश असेल तर याच निमित्ताने तिच्या जागी बेअरिंग बसवून घ्या, गाडी हलकी पळेल आणि मोटर कमी तापेल. तामियाची गाडी असेल तर स्क्रू जपानी घडणीचे असतात, साध्या पेचकसने त्यांची डोकी गोल होतात, जेआयएसचा पेचकस घ्या.

रिटायर होऊन चार वर्षं झाली, महाल भागात राहतो, सुतारकाम हाताला आहे. नातवासाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल स्वतः बनवतो आहे, या वर्षी तो रिमोटवर चालावा असं मनात आहे. पण इलेक्ट्रॉनिक्समध्ये मी पूर्ण नवीन. जमेल का? (एक आजोबा)

काका, तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, लहान पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरी धरून ओढत घेऊन निघतात.

नक्की जमेल. तुम्हाला वेगवान मोटर नकोच, पिवळ्या रंगाच्या छोट्या गिअरवाल्या मोटरी मिळतात, बीओ मोटर म्हणून मागा, १०० आरपीएमच्या दोन, आणि सोबत ६५ मिलिमीटरची चाकं. हिशोब असा, चाकाचा घेर साधारण २०.४ सेंटिमीटर, मिनिटाला शंभर फेरे म्हणजे जवळपास वीस मीटर, म्हणजे पोराच्या रमतगमत चालण्याइतकं. वजनाने थोडं कमी होईल. मागच्या दोन पायांखाली एकेक मोटर, पुढे सगळीकडे फिरणारं कॅस्टर चाक. डावी मोटर थांबवली की बैल डावीकडे वळतो, वेगळं स्टेअरिंग नको. वर त्या विद्यार्थ्याला ज्या एल२९८एनला नाही म्हटलं, तो इथे मात्र बरोबर आहे, या मोटरी थोडाच करंट घेतात. रिमोट आणि रिसीव्हरसाठी बोर्ड अजून चालू असलेली जुनी रिमोट गाडी शोधा, ज्यात एक मोटर चाकाची आणि एक स्टेअरिंगची असते असली नको, रिमोटवर दोन दांड्या, एक डाव्या आणि एक उजव्या चाकांसाठी, असा खेळण्यातला रणगाडा मिळाला तर त्याचा बोर्ड जसाच्या तसा बसेल आणि एल२९८एनही लागणार नाही.

सागवान वापरत असाल तर पोट आतून पोकळ करा, वजन दोन किलोच्या आत राहिलं पाहिजे, नाहीतर त्या मोटरींचे प्लास्टिकचे गिअर झिजतील. बॅटरी पोटात, झाकण झुलीखाली. लिपो नको, रिचार्जेबल पेन्सिल सेल पुरे, एल२९८एन लावला तर सहा, कारण दोनेक व्होल्ट तो स्वतःच खातो.

आणि एक गोष्ट. गर्दीत पोचल्यावर नातवाला दोरीच हातात घ्यावीशी वाटेल, बाकी सगळी पोरं ओढत असतील तर. गिअरची मोटर बाहेरून ओढली की तिचे दात तुटतात. म्हणून दोन्ही मोटरी आणि कॅस्टर एका फळीवर बसवा, आणि फळी पोटाखाली दोन पंखाच्या ढिबऱ्यांनी आवळा, ज्या हाताने सुटतात. तुमची नेहमीची लाकडी चाकं दुसऱ्या फळीवर तयार ठेवा, पिशवीत सोबत घ्या.